पहिला टोपला

गिरीज, वसई
२० ऑक्टोबर १९८६

प्रिय बेसिल,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याला मी उत्तर दिलं नाही, त्याचा तुला राग आला असणार. दुसऱ्या पत्रात तसं काही लिहिलेलं नाहीस, पण 'सौ. आग्नेस यांस' असा मायना केलास त्यावरून ओळखलं. फर्डिनंडने तो वाचला आणि म्हणाला, भाऊ बहिणीला 'यांस' म्हणायला लागला, आता चहासुद्धा वकिलाला विचारून प्यायला हवा. त्याचं तू मनावर घेऊ नकोस. रेल्वेच्या वर्कशॉपातून रिटायर झाल्यापासून त्याला दिवसभर बोलायला माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून सुचेल ते बोलतो. वाडी विकायच्या कागदावर मी अजून सही का केली नाही, आणि करणार आहे की नाही, एवढं सरळ सांग, असं तू लिहिलं आहेस. सरळ सांगते, पण माझ्या क्रमाने सांगते. जन्मभर शाळेत मुलांना, निबंधाचा शेवट आधी लिहू नका, असं बजावत आले. आता या वयात माझाच हात तसा वळणार नाही.

आधी इकडची खुशाली. पाऊस संपला आणि ऊन कडक लागलं. गेल्या आठवड्यात दसरा झाला, झेंडूला भाव बरा आला, त्यामुळे फुलवाल्या बायका खुशीत आहेत. पावसात आपल्या घराची मागची पडवी दोन ठिकाणी गळत होती. फर्डिनंडने वर चढून कौलं सारखी केली आणि उतरताना गुडघा दुखवून घेतला. आता रोज ऐकवतो की हा गुडघा बेसिलच्या खाती लिही. आपल्या वाडीतली राजेळी केळ यंदा कमी आहे, आहेत ते घड लहान आहेत. केळी वाळवून सुकेळी करणाऱ्या आगाशीच्या बाई येऊन बघून गेल्या आणि न घेता गेल्या. पापा असते तर त्यांनी त्यांना चहा पाजून, गोड बोलून तेच घड गळ्यात मारले असते. मला ते जमत नाही. पानवेल मात्र टिकून आहे.

केळीचं का बिघडलं ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तू मालाडला नळाचं पाणी पितोस आणि नळाच्या पाण्यावरून विहिरीचं काही कळत नाही. आधी आपल्या बाजूला एखादा टँकर यायचा, मग त्यांची रांग लागायला लागली. स्टेशनकडे उठणाऱ्या इमारतींना पाणी हवं, त्यांच्या सिमेंटला हवं, तिकडे हॉटेलांना हवं. वाडीवाल्यांना वाटलं, पाणी काय, उद्या पुन्हा झरेल. झरत होतं, पण गोडं पाणी उपसलं जाईल तसं खाडीचं पाणी जमिनीतून आत सरकत होतं, हे कळायला वेळ लागला. आपल्या शेजारच्या द्वारकाकाकूची तुरीची डाळ शिजेना. चुलीवर कितीही ठेवा, दाणा वेगळाच. तिला वाटलं, वाण्याने जुनी डाळ दिली. बस धरून ती आगाशीच्या बाजारात गेली, वाण्याशी भांडली, डाळ बदलून आणली, तीही शिजेना. मग तिने माझ्या घरच्या विहिरीचं कळशीभर पाणी नेलं आणि त्यात त्याच डाळीचं गरगट झालं. पाणी मचूळ झालंय, हे आमच्या आळीत असं उघड झालं. वाण्याकडे ती अजून दुसऱ्या बाजूला तोंड करून उभी राहते.

आपल्या विहिरीवरही टँकर लागत होता, ते तुझ्या संमतीने. तू तेव्हा लिहिलं होतंस की ताई, विहीर नुसती पडून आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. कुणालाच वाटलं नव्हतं. ज्यांची डाळ शिजत होती ते देत राहिले, आणि ज्यांची शिजायची थांबली तेही, आता एवीतेवी बिघडलंच आहे म्हणून देत राहिले.

जानेवारीत दिवाकरने पहिली सभा बोलावली. दिवाकर म्हणजे तुळशीदासकाका आणि द्वारकाकाकूंचा मुलगा, बँकेत आहे, तुझ्या आठवणीत तो हाफपँटमध्ये असेल, आता डोक्यावर केस कमी आहेत. सभा चर्चच्या हॉलमध्ये झाली. तुळशीदासकाकांनी सवयीने दारात चपला काढल्या, ते बघून मागून येणाऱ्यांनी काढल्या, शेवटी फादरांनीही काढल्या. पुढची सभा मारुतीच्या देवळात झाली. तिथे फर्डिनंड खांबाला टेकून झोपला आणि घोरायला लागला. मी त्याला कोपर मारणार तोच द्वारकाकाकू म्हणाली, "असू दे गो, कीर्तनाला आमचे हेच करतात." ठरलं ते असं, की टँकरला पाणी द्यायचं नाही, बुजत चाललेली बावखलं पावसाचं पाणी साठायला उपसायची, आणि वाडी विकायची वेळ आली तर बाहेरच्याआधी आपसात विचारायचं. शेवटच्या ठरावाला हात जरा कमी वर झाले.

कुणाकुणाच्या विहिरीवर गाड्या लागतात, अशी नावं निघाली तेव्हा पहिलं आपलं निघालं. मी मागे बसले होते, पदर सारखा करत राहिले. तुळशीदासकाका उठले आणि म्हणाले, "त्याला तिथे बसून काय दिसतंय? पोर इथे असता तर पहिला उभा राहिला असता." पन्नाशी उलटलेल्या माणसाला त्यांनी पोर म्हटलं, पण कुणी हसलं नाही. तो विषय तिथेच मिटला. ते तुला तेव्हा कळवायचं राहून गेलं.

टँकर बंद केले तेव्हा घोषणा वगैरे काही झाल्या नाहीत. बायका आपल्या फाटकात वालाच्या शेंगा सोलत बसल्या, मीही बसले. टँकर आला, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. द्वारकाकाकू त्याला म्हणाली, "वाजव, वाजव, सोलायला ताल पडतो." तो उतरून आला. उन्हातून आला होता, म्हणून तिने त्याला आपल्याच विहिरीचं पाणी तांब्याभर दिलं. त्याने तोंडाला लावलं आणि चूळ टाकली. "हे नेतोस होय लोकांना?" ती म्हणाली. तो म्हणाला, "मावशी, मी पीत नाही, मी फक्त नेतो." त्यावर तो स्वतःच हसला आणि आम्हीही हसलो. तो गाडी मागे घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा गेला, आणि मग यायचा थांबला. हल्ली तो रेतीची गाडी चालवतो आणि रस्त्यात काकू दिसली की मुद्दाम हॉर्न देतो. टँकरच्या ठेकेदाराने तुला तक्रारीचं पत्र लिहिलं असणार. तू त्याबद्दल मला कधी काही बोलला नाहीस, ते मी लक्षात ठेवलं आहे.

आता बावखलाचं. गेल्या नाताळात फ्लॉसी आली होती, तिने मला विचारलं, आत्या, हे गटार कुणाचं? मी तिला सांगितलं की बाळा, हे गटार नाही, आपलं बावखल आहे. मागच्या पिढ्यांनी वाडी उंच करायला इथली माती खणून काढली, त्याचा हा खड्डा. तो पावसाने भरतो, ते पाणी हळूहळू जमिनीत उतरतं, आणि चारी बाजूंच्या वाड्यांच्या विहिरी उन्हाळाभर गोड राहतात. ती म्हणाली, मग एवढी घाण का? तुझी मुलगी आहे, बरोबर तेच विचारते जे विचारायला नको. मी तिला नारळाची वडी दिली आणि विषय बदलला.

पापा होते तोवर दर मे महिन्यात, पाणी तळाला गेलं की गाळ उपसायचा रविवार ठरायचा. चारही वाड्यांतली माणसं कुदळी आणि टोपले घेऊन काठावर उभी राहायची, पण पापा उतरेपर्यंत कुणी पाय घालायचं नाही. पहिला टोपला मालकाचा. आणि तो त्याने स्वतःच्या झाडाला घालायचा नाही, बांधापलीकडे शेजाऱ्याच्या माडाला नेऊन घालायचा. एवढं झालं की बाकीचे उतरायचे, मग ज्याने जितका उपसला तितका गाळ त्याचा. पापा काठावर चढले की आई म्हणायची, "झाला यांचा राज्याभिषेक," आणि चिखलाचा शर्ट धुवायला घ्यायची. तू हे कितीदा पाहिलंस मला आठवत नाही. तू बोर्डिंगला गेलास, मग मुंबईला, आणि मे महिन्याची सुट्टी तुझी बहुधा मित्रांकडेच गेली.

पापा गेल्यावर टोपला कुणी उचलला नाही. तुला जमण्यासारखं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या बावखलात उतरणं आपल्याकडे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरण्यासारखं. कुणी तक्रार केली नाही. दर मे महिन्यात काठावर येऊन बघायचे, यंदा बेसिल येईल बहुतेक, असं म्हणायचे, आणि आपापल्या वाडीत परत जायचे. भिडेपोटी सगळ्यांनी मिळून ते बावखल बुजू दिलं. आधी शेवाळ धरलं, मग लव्हाळे आले, मग लोकांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. टँकरने जेवढं नेलं तेवढं परत जमिनीत घालायला खड्डाच उरला नव्हता.

या वर्षी मी म्हटलं, मी उचलते पहिला टोपला. पापांच्या मागे सातबारावर तुझ्या नावाशेजारी माझं नाव लागलं आहे. तुळशीदासकाकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "आग्नेस, तू आमचीच पोर. पण तुझं घर आता फर्डिनंडचं. उद्या बेसिल आला नि म्हणाला, काका, मला विचारलंत का, तर मी कुठे बघू?" दिवाकर म्हणाला, "बाबा, कायद्याने ताईंचा पण हिस्सा आहे." काका म्हणाले, "मग कायद्याला सांग गाळ काढायला." त्यावर दिवाकरने हात टेकले आणि तुला कार्ड टाकलं, की मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी येऊन पहिला टोपला उचलून जा, सगळे वाट बघताहेत. ते कार्ड तुला मिळालं की नाही, मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही.

मे महिन्यातल्या त्या रविवारी तू चर्चमधली दुसरी मिस्सा संपल्यावर आलास. बरोबर दोन माणसं, एकाच्या हातात टेप, दुसऱ्याच्या काखेत छत्री. माझ्याकडे चहा घेतलास आणि मला अंगणात बाजूला घेऊन सांगितलंस की पार्टी मिळाली आहे, रस्ता बावखलावरून आत घ्यायचा आहे, भराव किती लागेल ते बघायला ही माणसं आली आहेत. मी म्हटलं, ऊन फार आहे, टोपी घालून जा. तू टोपी ओट्यावरच विसरलास, म्हणून ती घेऊन मी मागून आले, आणि तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तुळशीदासकाका आपल्या बांधावर होते. कार्ड गेलेलं, मे महिना, रविवार, पाणी तळाला, आणि बेसिल बावखलाच्या काठावर उभा. माणसाने दुसरं काय समजावं? मी पोचले तेव्हा ते घराकडे तोंड करून ओरडत होते, "अगो, बेसिल आला! टोपले काढा!" आणि ओट्याओट्यावरून माणसं निघाली होती. तुझा टेपवाला टेपचं एक टोक धरून चिखलात उभा होता. काकांनी त्याच्याकडे बघून कौतुकाने मान हलवली. "बघा ही मुंबईची माणसं. गाळ काढायचा तरी आधी मोजून घेतात. नाहीतर आपण!" टेपवाल्याने तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी टोपी पुढे केली. कुणीतरी टेप गुंडाळून बांधावर ठेवली आणि टेपवाल्याच्या हाती घमेलं दिलं. छत्रीवाला शहाणा निघाला, त्याने छत्री उघडली आणि करंजाखाली जाऊन उभा राहिला. द्वारकाकाकूने त्याला विचारलं, "तुमचा काय उपवास आहे?"

काकांनी टोपला तुझ्यापुढे धरला आणि "उशीर केलास रे, पण आलास," एवढंच म्हणाले. तू बूट काढलेस, मोजे बुटात नीट घडी करून ठेवलेस, पँट दुमडलीस. त्या सगळ्याला तू बराच वेळ लावलास. मग उतरलास. कुदळ तुझ्या हातात अशी होती की फर्डिनंड माझ्या कानाशी म्हणाला, हा आता स्वतःचाच पाय उपसणार. टोपला भरलास, डोक्यावर घ्यायचं तुला सुचलं नाही, छातीशी धरलास, आणि त्या पांढऱ्या शर्टाचं जे व्हायचं ते झालं. इथपर्यंत सगळं भिडेने झालं असं कुणी म्हणेल. मीही म्हणेन. पण काठावर चढल्यावर तू डावीकडे वळलास. उजवीकडे लगेच आपली केळ होती, ओझं जड होतं, तुला धाप लागली होती. टोपला तिथे ओतला असतास तरी त्या घटकेला कुणी काही बोललं नसतं. तू बांध ओलांडलास, काकांच्या कोपऱ्यातल्या माडापर्यंत गेलास आणि त्याच्या बुंध्याशी ओतलास. तुला कुणी सांगितलं नव्हतं. मी बघत होते, कुणी खूणही केली नव्हती.

मग सगळे एकदम उतरले. तूही दुपारपर्यंत होतास. टेपवाल्याला काम आवडलेलं दिसलं, तो शेवटी शेवटी गाणं म्हणत होता. जेवण काकांकडे झालं, भात आणि सुक्या जवळ्याचं कालवण, आणि माझ्या माहितीप्रमाणे तू दोनदा भात मागून घेतलास. टेपवाल्याने जाताना केळ्यांचा घड नेला. तू बसमध्ये चढताना मला म्हणालास, "ताई, नंतर बोलू." नंतर कागद आला.

त्याला चार महिने होऊन गेले. जूनमध्ये पहिले काही दिवस बावखलात पाणी थांबतच नव्हतं, जमीन पिऊन टाकत होती. दिवाकर रोज बँकेतून आला की कपडे न बदलता काठावर जाऊन बघायचा. ऑगस्टमध्ये ते भरलं. तुझं बघून पलीकडच्या लोकांनी त्यांची तीन बावखलं उपसली होती, तीही भरली. एक खंड्या आला आहे, करंजाच्या फांदीवर बसतो. मी म्हटलं, जुना परत आला. फर्डिनंड म्हणाला, कशावरून, तू त्याला ओळखतेस? सगळंच मनासारखं झालं असंही नाही. खालच्या आळीतल्या एकाने सभेत हात वर केला आणि सप्टेंबरात वाडी विकली. त्याला कुणी काही म्हटलं नाही, फक्त त्याच्याकडे वाटीभर भाजी जायची ती थांबली. आपल्या विहिरीचं पाणीही पूर्वीसारखं गोड नाही. इतक्या वर्षांचं बिघडलेलं एका पावसात सुधारत नाही. पण दसऱ्याच्या दिवशी द्वारकाकाकूने आपल्या याच विहिरीचं पाणी नेऊन त्यात डाळ लावली आणि ती शिजली. तिने एक वाटी मला पाठवली. फोडणी नाही, मीठसुद्धा नाही, नुसती शिजलेली डाळ. मी ती उभ्या उभ्या खाल्ली.

तुझी अडचण मला कळत नाही असं नाही. मालाडच्या दोन खोल्या, फ्लॉसीचं लग्न तोंडावर, जिना चढताना तुझ्या रिटाला लागणारी धाप. वाडी बघायला इथे तुझं कुणी नाही, माझीही हाडं किती दिवस चालणार? तू वाडी विकायची म्हणालास यात पाप नाही, आणि बहिणीकडे सही मागितलीस यात जुलूम नाही. बहिणी सही करतात. आईनेही तिच्या भावाला करून दिली होती आणि नंतर जन्मभर त्याच्याकडे नाताळला जाऊन हसून जेवली. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. ती खरंच हसून जेवायची.

फक्त एक गोष्ट तुला ठाऊक असायला हवी. त्या रविवारी तू कशासाठी आला होतास, ते इथे कुणालाही माहीत नाही. टेपवाला बोलला नाही. मी बोलले नाही, फर्डिनंडकडेसुद्धा नाही. त्याने ओळखलं असेल तर तोही बोललेला नाही, आणि तो गप्प राहिला याचा अर्थ तूच लाव. तुळशीदासकाका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "बेसिलने कार्डाचा मान राखला. बूट काढून उतरला, बापासारखा." बाहेरगावची माणसं बावखल बघायला येतात, त्यांना ते तो माड दाखवतात. मी तिथे असले तर माझ्याकडे वळून म्हणतात, काय गो आग्नेस, खरं की नाही? मी हो म्हणते. पहिल्यांदा हो म्हणताना मला जड गेलं. आता जात नाही, कारण तू डावीकडे वळलास ते मी पाहिलं आहे. पण माझ्या हो म्हणण्याने ते खरं होत नाही. बावखलात भराव पडला तर काकांना कुणी समजावून सांगायला लागणार नाही, त्यांचं त्यांना समजेल.

तर आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कागदावर मी सही केली आहे, काल मिस्सेहून आल्यावर केली. पूर्ण, काही न वगळता, तुला हवी तशी. पण मी तो पोस्टाने पाठवणार नाही. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की दिवाकरचं कार्ड येईल, तो विसरायचा नाही. या वेळी कार्ड वाचून ये, आणि एकटा ये. पहिला टोपला उचल. तो कुठे न्यायचा ते तुला सांगायला नको. मग हातपाय धुऊन माझ्याकडे जेवायला ये. कागद तुझ्या ताटाशेजारी ठेवलेला असेल. तो घेऊन जायचा की तिथेच ठेवायचा ते तू जेवता जेवता ठरव. नेलास तर मी चकार शब्द काढणार नाही आणि नाताळला तुझ्याकडे हसून जेवेन, आईचीच मुलगी आहे. एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं होतं. तोवर पार्टीला सांग की बहीण म्हातारी झाली आहे, नाव लिहायला वेळ लावते. रिटाला आणि फ्लॉसीला माझी आठवण सांग. आणि येताना शर्ट जुना घालून ये.

तुझीच ताई,
आग्नेस